धक्क्यावरची रांग

यवतमाळहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र कित्येक शे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे पर्यटनजहाजातून उतरणाऱ्या परदेशी प्रवाशांना इमिग्रेशनच्या तपासणीसाठी तासन् तास ताटकळावे लागते, या विषयावर एका यवतमाळकराने लिहावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते तेच मुळी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत, तिथल्या माणसाला श्रीमंत गोऱ्यांच्या खोळंब्याची कसली चिंता, असाही प्रश्न कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

माझी आत्या चाळीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन परदेशी गेली आणि यथावकाश तिथली नागरिक झाली. काही वर्षांपूर्वी ती आणि तिचे यजमान एका पर्यटनजहाजाने निघाले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात ते जहाज एका दिवसापुरते थांबणार होते. आत्याला गुडघ्यांमुळे यवतमाळपर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आम्हीच वडिलांना घेऊन रात्रभराच्या गाडीने बंदरावर गेलो. जहाज सकाळी सातला लागले. आत्या दुपारी दोन वाजून गेल्यावर फाटकाबाहेर आली आणि साडेचारला तिला परत जहाजावर हजर व्हायचे होते. वडील त्या वेळी ऐंशीच्या पुढचे. बहीणभावांना मिळालेल्या त्या दोन-अडीच तासांतला निम्मा वेळ रडण्यात गेला. डब्यातल्या पुरणपोळ्या तिने जहाजावर नेल्या की तिथे त्या काढून घेतल्या, ते आम्हांला कळले नाही. वडील फाटकासमोरच्या बाकड्यावर बसून होते. बाराच्या सुमारास ते एवढेच म्हणाले, "एवढ्या वेळात तं आपल्या गाडीचा काट्यावर नंबर लागला असता."

ज्यांनी कापसाची गाडी कधी नेली नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. त्या काळी संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागे आणि माणसे गाडीखाली रात्री काढत. काटा कधी सुरू होईल, ग्रेडर कधी येईल, आपला कापूस कोणत्या प्रतीत जाईल, यांतले काहीही गाडीवाल्याला आधी सांगितले जात नसे. वडिलांनी ते सारे भोगले होते. त्यांना धक्क्यावरची रांग ओळखू आली ती याच कारणाने. माझेही म्हणणे हेच आहे की या दोन रांगा वेगळ्या नाहीत.

आधी धक्क्यावरची रांग नीट समजून घेऊ. विमानातून एका वेळी दोनतीनशे माणसे उतरतात, तर मोठ्या जहाजातून दोन हजार. समजा एका प्रवाशाचे पारपत्र, प्रवेशपरवाना आणि चेहरा ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात आणि दहा खिडक्या उघड्या आहेत. दोन हजार प्रवाशांना चारशे मिनिटे, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास लागतील. जहाज बंदरात थांबणार दहा-बारा तास. चौथीतल्या मुलाला सुटणारे हे गणित आहे. ते जहाज येण्याच्या कितीतरी दिवस आधी सोडवता येते, कारण प्रवाशांची यादी आणि पारपत्रांचे क्रमांक जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच हाती असतात. विमानाप्रमाणे काही तासांची सवड नसते. आदल्या बंदरापासून इथपर्यंत एक-दोन दिवस समुद्रात गेलेले असतात. त्या वेळात यादी तपासता येते, संशयास्पद नावे वेगळी काढता येतात, अधिकाऱ्यांना जहाजावर पाठवून तिथेच शिक्के मारता येतात. एवढे असूनही रांग लागत असेल, तर ती माहितीच्या अभावामुळे लागली असे कुणी सांगू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे तो सुरक्षेचा. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गेच आले होते, हे विसरलात काय? विसरलेलो नाही. पण ते दहा जण मच्छीमारांच्या वस्तीजवळ रबरी होडीतून उतरले. ते कोणत्याही खिडकीसमोर रांगेत उभे राहिले नव्हते. रांगेतून आला तो डेव्हिड हेडली. अमेरिकी पारपत्र आणि रीतसर मिळालेला व्हिसा घेऊन तो २००६ नंतर अनेकदा भारतात आला, हल्ल्याच्या जागांची टेहळणी करून गेला, आणि दर वेळी खिडकीवरून सुखरूप पुढे सरकला. २००६ मध्येच त्याने दाऊद गिलानी हे मूळ नाव बदलले होते. ते व्हिसा देतानाच कुणी खोदून पाहिले असते तर उपयोग झाला असता. त्याला खिडकीपुढे सात तास उभे करून काय साधले असते? तपासणी कडक असणे आणि तपासणी लांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दुसरीलाच पहिलीचा पुरावा मानतात. ज्या तपासणीत सगळ्यांचाच सारखा वेळ जातो, तिच्यात संशयिताकडे पाहायला कुणालाही वेळ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मनापासून येतो आणि म्हणून अधिक घातक आहे. आमची माणसे त्यांच्या वकिलातींपुढे पहाटेपासून उभी राहतात, त्यांच्या विमानतळांवर अपमान सोसतात, मग त्यांनी एक दिवस इथे उभे राहिले तर काय बिघडले? या युक्तिवादात राग खरा आहे, हिशोब मात्र खोटा. जो अपमान करतो तो रांगेत कधीच नसतो. रांगेत असते ती एखादी निवृत्त शिक्षिका, एखादा म्हातारा नाविक किंवा माझी आत्या. सूडच उगवायचा तर निदान पत्ता तरी बरोबर हवा!

आणि रांगेचा हा इतिहास आपल्याला तरी ठाऊक असायला हवा. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईहून 'कुरलंड' आणि 'नादेरी' ही दोन जहाजे सुमारे आठशे प्रवासी घेऊन दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. 'कुरलंड'वर गांधी होते. डिसेंबरात जहाजे दरबानला पोचली आणि मुंबईतल्या प्लेगचे कारण सांगून त्यांना बंदराबाहेर अडकवून ठेवण्यात आले. मुदत संपली की नवी मुदत लागे. प्रवासी उतरू शकले ते १३ जानेवारी १८९७ रोजी, तीन आठवड्यांहून अधिक काळाने. कागदावर कारण आरोग्याचे होते. खरे कारण बंदरावर सभा भरवणाऱ्या गोऱ्यांना हिंदी माणसे नको होती हे. पुढे १९१४ साली 'कोमागाता मारू' ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोचले आणि २३ मेपासून २३ जुलैपर्यंत किनारा डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले. मोजके प्रवासी वगळता सगळ्यांना परत पाठवले गेले. 'अखंड प्रवासा'चा नियम त्यासाठी पुढे केला गेला. या प्रकरणी कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये, एकशे दोन वर्षांनी.

सहलीला आलेल्या प्रवाशाच्या गैरसोयीची या अन्यायांशी तुलना करण्याइतका मी अविचारी नाही. तुलना यंत्रणेची आहे. तेथेही कुणी 'नाही' म्हटले नव्हते, 'थांबा' म्हटले होते. 'नाही' म्हणायला कारण द्यावे लागते, त्या कारणाविरुद्ध दाद मागता येते. 'थांबा' म्हणणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. सत्तेला नकारापेक्षा विलंब प्रिय असतो तो म्हणूनच. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा इंग्रजांनी जाताजाता करून ठेवला होता. तो आपण जवळपास ऐंशी वर्षे वापरला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आणला. कायदा बदलला हे ठीकच झाले. खिडकीच्या आतल्या माणसाने बाहेरच्या माणसाच्या वेळेची किंमत शून्य धरायची, हा अलिखित नियम मात्र कोणत्याच कायद्यात नव्हता, त्यामुळे तो रद्दही झाला नाही.

आणि तो केवळ परकीयांना लागू आहे असेही नव्हे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात 'मरेला डिस्कव्हरी' हे पर्यटनजहाज मुंबईजवळ आले. त्यावरचे सुमारे दीडशे कर्मचारी भारतीय होते. स्वतःच्या देशाच्या दारात पोचूनही त्यांना उतरता येईना, कारण नाविकांना कसे उतरवायचे याची कार्यपद्धतीच अस्तित्वात नव्हती. गृह मंत्रालयाने ती २१ एप्रिलला काढली आणि २३ एप्रिलला ही माणसे उतरली. साथ भयंकर होती, सावधगिरी हवीच होती. पण टाळेबंदी सुरू होऊन जवळजवळ महिना होईपर्यंत समुद्रावरच्या आपल्या माणसांची आठवण कुणाला झाली नाही, हे सावधगिरीत बसत नाही. ज्याला परक्याला ताटकळत ठेवण्याची सवय आहे तो एक दिवस आपल्यांनाही तसेच ठेवतो. वस्तुतः क्रम उलटा आहे. त्याने ती सवय आपल्यांवरच लावून घेतलेली असते.

आता यवतमाळकडे वळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इथून मूर्तिजापूरपर्यंत एक अरुंद मार्गाची रेल्वे घातली गेली. आम्ही तिला 'शकुंतला' म्हणत असू. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभारलेली ही सुमारे ११३ किलोमीटरची वाट एकाच कामासाठी होती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मुंबईच्या बंदरात, तिथून मँचेस्टरला. स्वातंत्र्यानंतर दशकानुदशके तिची मालकी त्या खाजगी कंपनीकडेच राहिली आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आता ती बंद आहे. कापसाच्या गाठीला खोळंबा होऊ नये म्हणून साम्राज्याने काळ्या मातीतून रूळ टाकले, पण तो कापूस पिकवणाऱ्याला काट्यापुढे तीन रात्री बसवताना पुढे कुणाही सरकारला संकोच वाटला नाही. याच जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्याच्या विधवेने एक लाखाच्या मदतीसाठी अर्ज करावा आणि नवऱ्याचे मरण 'पात्र' की 'अपात्र' याच्या निर्णयाची वाट पाहावी, असा रिवाज पडला आहे. सात-बारा कुणाच्या नावे होता, कर्ज कोणत्या बँकेचे होते, तगादा होता काय? खिडकी इथेही आहेच.

मग यवतमाळकराने पर्यटकाच्या रांगेबद्दल आनंद मानावा काय? मला उलट वाटते. परंतु याचा अर्थ पर्यटनवाल्यांच्या पायघड्यांना माझी संमती आहे असाही नव्हे. २०१७ पासून केंद्राने जहाजपर्यटनासाठी कृतिदल नेमले, पाच बंदरांवर ई-व्हिसा चालू केला, बोटांचे ठसे घेण्यातून जहाजप्रवाशांना काही वर्षे सूट दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' आले. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे काम जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. तिथे तपासणीच्या खिडक्या भरपूर आहेत असे सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण खिडक्या किती बांधल्या यावरून रांग ठरत नाही, किती उघड्या असतात यावरून ठरते, हे बँकेत कधी काळी उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला समजावून सांगावे लागू नये.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. आपल्याकडे रांगेवर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे मोठ्या माणसाला रांगेतून वगळणे. डॉलर खर्च करणाऱ्यासाठी वेगळा मार्ग, नियमित विमानप्रवाशासाठी झटपट फाटक, देवळात पैसे भरणाऱ्यासाठी स्वतंत्र दर्शन. उरलेल्यांची रांग तशीच राहते, किंबहुना अधिक लांबते, कारण जिच्यातून आवाज उठवू शकणारा माणूस बाहेर पडला ती रांग कुणीच सुधारत नाही. परदेशी पर्यटक धक्क्यावर खोळंबला की परदेशी वर्तमानपत्रात छापून येते आणि मंत्रालये जागी होतात. त्या जागेपणाचा उपयोग केवळ त्याला सोडवण्यासाठी झाला तर आपण फक्त एक साक्षीदार गमावला.

मागायचे ते सर्वांसाठी मागावे, आणि त्याला आधारही आहे. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला. ठरलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, हे तत्त्व त्याने मान्य केले. तेच तत्त्व धक्क्यावर न्या. प्रवाशांच्या संख्येवरून किती खिडक्या उघडायच्या ते आदल्या दिवशी ठरवा आणि फलकावर लिहा. शेवटचा प्रवासी किती वाजता बाहेर पडला याची नोंद ठेवा आणि ती प्रसिद्ध करा. कुणाला थांबवले तर कारण लेखी द्या. मग हाच फलक कापूस खरेदी केंद्राच्या काट्यावर लावा, तहसील कचेरीत लावा, मदतीचे अर्ज पडून असतात त्या टेबलावर लावा. यातल्या एकाही गोष्टीला नवे टर्मिनल लागत नाही.

आत्या त्यानंतर आली नाही, आणि आता वडीलही नाहीत. त्या दिवशी ज्यांनी तिला सात तास थांबवले त्यांनी कोणताही नियम मोडला नसावा, याची मला जवळजवळ खात्री आहे. तक्रार कुणाविरुद्ध करायची हे शोधण्यात मी काही महिने घालवले. तक्रार नोंदवण्याची खिडकी मात्र मला अजून सापडलेली नाही.