अण्णांचे बॉम्ब

"अरे, या वयात गेम कसला खेळतोस?" असं शेजारच्या अण्णांनी विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गेम? अहो, १९९८ साली 'फाल्कन ४.०'मधून एफ-१६ विमान घरगुती कॉम्प्युटरवर उतरलं, तेव्हा सोबत सुमारे ६०० पानांचं बाड होतं. बी.कॉम.ला मी एवढं वाचलं नव्हतं! हौशी मंडळींनी ते आजतागायत उडतं ठेवलं आहे.

इंजिन सुरू केलं तरी आपण नेमके कुठे उभे आहोत, हे विमानाला उमजायलाच काही मिनिटं जातात. तेवढ्यात सौ. चहा देऊन, कप परत घेऊन जाते, मी जमिनीवरच. मग कोरियाच्या डोंगरांवरून निघावं, तर न दिसलेलं क्षेपणास्त्र येऊन आपटतं. दोन तासांची मेहनत मातीत!

अण्णांचं युद्ध मात्र सोपं. पेपर उघडला की, "टाकावेत दोन बॉम्ब, मोकळं व्हावं!" त्यांच्या विमानाचं इंधन संपत नाही, नेम चुकत नाही, वैमानिक मरत नाही. ही सवलत माझ्या कॉम्प्युटरातही आहे. मी तिला हात लावत नाही. लढाई सोपी वाटू लागली की माणूस ती फार उदारपणे दुसऱ्याच्या पोरांना वाटू लागतो.

परवा अण्णांनाच खुर्चीत बसवलं. पाऊण तासात ते धावपट्टीपर्यंतही पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी सबंध पेपर वाचून झाला, पण अण्णांनी एकही बॉम्ब टाकला नाही.