'सेंपर फेमिना' : अर्ध्या वाक्याचे काय करायचे?

व्हर्जिलच्या 'ईनीड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात एक लहानसा प्रसंग आहे. कार्थेजच्या बंदरात ईनियसची गलबते निघण्याच्या तयारीत आहेत आणि नायक गलबतावरच झोपी गेला आहे. त्याच्या स्वप्नात मर्क्युरीसारखी दिसणारी एक देवाकृती येते. राणी डिडोच्या मनात कपट शिजते आहे, पहाटेपर्यंत थांबू नकोस, असे ती त्याला बजावते. जाता जाता स्त्रीजातीविषयी एक सामान्य विधानही करते : स्त्री म्हणजे सदैव काहीतरी चंचल, पालटणारे. एवढे बोलून आकृती अंधारात विरून जाते. ईनियस खडबडून उठतो आणि दोर तोडून निघतो.

या विधानातील विसंगती शेकडो वर्षे वाचकांना खुपत आली आहे. स्त्री चंचल असते असे ज्याला सांगितले जात आहे, तोच या घटकेला एका स्त्रीला सोडून चालला आहे. डिडोने मृत पतीला, सिकियसला, दिलेला शब्द मोडला होता हे खरे. तेव्हा आरोप अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण त्या रात्री बदललेला माणूस ईनियस आहे, डिडो नव्हे. शिवाय हे वाक्य डिडोच्या तोंडावर कोणी उच्चारत नाही. एक देव एका पुरुषाला, स्वप्नात, तिच्या पश्चात ते सांगतो. स्त्रीविषयीची किती तरी ज्ञानवाक्ये अशीच जन्माला आली आहेत. ती जिच्याविषयी आहेत, ती त्या संभाषणात नाहीच.

लॉरा मार्लिंग या इंग्रज गायिकेने २०१७ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध केलेल्या आपल्या सहाव्या अल्बमला याच वाक्यातील दोन शब्दांचे नाव दिले : 'सेंपर फेमिना'. सदैव स्त्री. हेच शब्द तिने एकविसाव्या वर्षी आपल्या पायावर गोंदवून घेतले होते. चंचल आणि पालटणारे ही दोन्ही विशेषणे तिने गाळली. मूळ वाक्यातील विधेय गेले, उरला तो उद्देश आणि एक कालवाचक शब्द. आम्हांस हा अल्बम महत्त्वाचा वाटतो तो या कापाकापीमुळे. केवळ स्त्रीने स्त्रीविषयी गाणी लिहिली म्हणून त्याचे कौतुक करावे असे आम्हांस वाटत नाही. तशी गाणी पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरीचशी सामान्य आहेत.

येथे एक व्याकरणाचा मुद्दा मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. लॅटिनमध्ये 'फेमिना' हे नाम स्त्रीलिंगी आहे, पण व्हर्जिलने त्याला लावलेली विशेषणे नपुंसकलिंगी आहेत. म्हणून अर्थ 'स्त्री चंचल असते' असा न राहता 'स्त्री ही एक चंचल वस्तू असते' असा होतो. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागते. मराठी कानाला लागत नाही. 'बाईमाणूस एकटं होतं' या आपल्या साध्या वाक्यात तेच लिंग आहे आणि त्यात कणव व कमीपणा यांचे चमत्कारिक मिश्रण आहे. कोकणीत तर मुलीसाठी आणि वयाने लहान स्त्रीसाठी नपुंसकलिंगी 'तें' हेच रूढ आहे व त्यात अनादर नाही. तेव्हा दोष लिंगाचा नव्हे. व्याकरणाची सोय हाताशी धरून एका व्यक्तीची वस्तू करणाऱ्या बोलणाऱ्याचा तो दोष आहे. मार्लिंगने विशेषणे गाळली तेव्हा ते नपुंसकलिंगही आपोआप गळून पडले.

आता अल्बमविषयी. नऊ गाणी. निर्माता अमेरिकन गिटारवादक ब्लेक मिल्स. मार्लिंगचा जन्म १९९० चा. पहिला अल्बम २००८ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी. तेव्हापासून तिची गणना इंग्रजी लोकसंगीताच्या नव्या पिढीत होत आली. 'सेंपर फेमिना'ला ग्रॅमी पुरस्कारांत उत्कृष्ट लोकसंगीत अल्बमसाठी नामांकनही मिळाले होते. तिने मुलाखतींतून सांगितले आहे की, ही गाणी लिहायला घेतली तेव्हा ती पुरुषाच्या भूमिकेतून स्त्रियांविषयी लिहीत होती. मग लक्षात आले की, हा पुरुष कोणी नाही, पाहणारी आपणच आहोत. मुखवट्याची गरज नाही.

ही कबुली वरवर साधी आहे. पण तीत एक साहित्यशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. प्रेमगीतात, निदान पश्चिमेकडील परंपरेत, 'मी' पाहतो आणि 'ती' पाहिली जाते. एखाद्या स्त्रीला दुसऱ्या स्त्रीकडे टक लावून पाहायचे असेल, तिचा हेवा, तिची काळजी, तिच्याविषयीची ओढ शब्दांत आणायची असेल, तर भाषेत त्यासाठी जागा तयार नसते. मग ती पुरुषाची जागा उसनी घेते. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये तक्रार केली होती की, कथावाङ्मयातील स्त्रिया जवळजवळ नेहमी पुरुषांच्या संबंधात दिसतात, एकमेकींच्या संबंधात फार क्वचित. वुल्फला जी जागा रिकामी दिसली, तेथे ही नऊ गाणी उभी राहण्याचा प्रयत्न करतात.

'द व्हॅली'मध्ये एक स्त्री शोक करते आहे. गाणारी तिला दुरून पाहते, जवळ जाऊ इच्छिते, पण जाऊ शकत नाही. 'ऑल्वेज धिस वे'मध्ये एका मैत्रिणीच्या दुराव्याचा हिशेब आहे. प्रियकराच्या विरहावर जगात गाण्यांचा ढीग आहे, मैत्री तुटण्यावर मूठभरही नाहीत. 'नेक्स्ट टाइम'मध्ये पश्चात्ताप आहे : या खेपेस आपण कमी पडलो, पुन्हा वेळ आली तर असे करणार नाही. या गाण्यांतील स्त्री कोणाची प्रेयसी, माता किंवा देवता नाही. ती शेजारी राहणारी, न उलगडलेली दुसरी व्यक्ती आहे.

सर्वांत तीक्ष्ण गाणे आम्हांस 'वाइल्ड फायर' वाटते. त्यातील मैत्रीण वहीत काहीबाही टिपून ठेवते, कधीतरी पुस्तक लिहिणार आहे. गाणारीला त्या पुस्तकात रस आहे, पण तो फक्त स्वतःविषयीच्या पानांपुरता. मी तिला कशी दिसते? मी जे सोंग आणते आहे ते खपते आहे का? येथे अल्बमने स्वतःच्याच भूमिकेला सुरुंग लावला आहे. स्त्रीने स्त्रीकडे पाहिले म्हणजे ती नजर आपोआप निर्मळ झाली, असा भोळा दावा तो करत नाही. या नजरेतही लोभ आहे, आत्मप्रेम आहे, दुसरीचा आरसा करण्याची हाव आहे.

हा मुद्दा आमच्या दृष्टीने वर्गातलाही आहे. जॉन बर्जरचे 'वेज ऑफ सीइंग' (१९७२) आणि लॉरा मल्व्हीचा दृश्यसुखावरील निबंध (१९७५) आपण विद्यार्थ्यांच्या हाती देतो. काही दिवसांतच 'पुरुषी नजर' हा शब्दप्रयोग उत्तरपत्रिकांतून शिक्क्यासारखा उमटू लागतो. लेखक पुरुष असेल तर नजर दूषित, लेखिका असेल तर अनुभव अस्सल. एवढ्यावर प्रश्न मिटवला की मजकूर वाचण्याची गरजच उरत नाही. 'वाइल्ड फायर'सारखे चार मिनिटांचे गाणे या सोयीस्कर वाटणीला नकार देते. पाहणे हाच एक सत्तेचा व्यवहार आहे आणि पाहणारी बदलली म्हणजे तो व्यवहार संपत नाही. आता त्याची जबाबदारी तिची होते, इतकेच.

आठवे गाणे, 'नोएल', हे अल्बमचे हृदय. केवळ गिटार आणि आवाज. शीर्षकातील शब्द याच गाण्यात येतात आणि गाणारी त्यांत स्वतःलाही सामील करून घेते. यात गुस्ताव्ह कुर्बेच्या 'जगाचा उगम' (१८६६) या चित्राचा संदर्भ आहे. हे चित्र खलील बे या ऑटोमन मुत्सद्द्यासाठी काढले गेले. त्यात स्त्रीचे नग्न धड आहे, चेहरा नाही. पुढे ते मनोविश्लेषक जाक लाकाँ यांच्या मालकीचे झाले, तेव्हा त्यांनी ते एका सरकत्या झाकणचित्रामागे ठेवले होते. १९९५ पासून ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात सर्वांना पाहता येते. चित्रातील स्त्री कोण, याचा सबळ पुरावा मात्र २०१८ साली पुढे आला. अलेक्झांडर ड्यूमा (धाकटा) याच्या पत्रव्यवहारावरून क्लोद शोप या अभ्यासकाने कॉन्स्तान्स केन्यो या नर्तकीचे नाव सुचवले. म्हणजे जगाचा उगम दीडशे वर्षे बिननावाचा होता.

कुर्बेने देह ठेवला आणि चेहरा व नाव दोन्ही काढून टाकली. मार्लिंगने तोच देह गाण्यात आणला आणि गाण्याला एका व्यक्तीचे नाव दिले. शोप यांचा शोध अल्बमनंतरचा आहे, तेव्हा ही दुरुस्ती तिने पुराव्याच्या आधारे केलेली नाही. ती कवीच्या जाणिवेने केलेली आहे. उपमेयाला नाव असले की उपमान त्याला गिळू शकत नाही, एवढे तिला कळले होते.

आता आक्षेप. २०१६ मध्ये मार्लिंगने 'रिव्हर्सल ऑफ द म्यूझ' या नावाची एक ध्वनिमालिका केली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत स्त्रिया इतक्या थोड्या का, तंत्रज्ञ स्त्री असती तर संगीत वेगळे झाले असते का, असे प्रश्न तिने डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिस यांच्यापासून अनेकींना विचारले. आणि त्यानंतर आलेल्या या अल्बमचा निर्माता पुरुष. कोणी याला दांभिकपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने उत्तरही जगून दाखवलेच पाहिजे ही अट आपण पुरुषांना कधी घालत नाही. पण प्रश्न बुजवूनही चालणार नाही. 'सूदिंग'मध्ये मंद्र तंतूंचे स्वर एकमेकांत गुंतत जातात, ती मांडणी मोहक आहे, आणि ती कोणाच्या कानाने घडली हे विचारण्याचा हक्क स्वतः मार्लिंगनेच आपल्याला दिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. या अल्बममधील स्त्रीत्व सवडीचे आहे. तेथे दुःख आहे, कष्ट नाहीत. अंतर्मन आहे, घरातले काम नाही. 'लोकसंगीत' हा शब्द लावताना हे विसरता कामा नये. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाहून अधिक आहेत. त्यांत बाई बाईशी बोलते, पण हाताने खुंटा फिरवत. तिला पुरुषाचा मुखवटा टाकावा लागला नाही, कारण जात्यापाशी पुरुष नव्हताच. ज्या जागेसाठी मार्लिंगला झगडावे लागले, ती जागा तिथे श्रमाने आधीच मोकळी केली होती. मात्र ओवी गाणाऱ्या बाईला आपल्या गाण्याच्या वेष्टनावर नाव लिहिण्याची संधी नव्हती. कोणत्या स्वातंत्र्याची कोणती किंमत, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही फक्त इतकेच म्हणू की, 'स्त्रीचा आवाज' असे एकवचन वापरताना जरा थबकावे.

मार्लिंग स्वतः पुढे सरकली. 'साँग फॉर अवर डॉटर' (२०२०) हा अल्बम कल्पनेतल्या मुलीला उद्देशून होता. २०२३ मध्ये ती खरोखरीच आई झाली आणि 'पॅटर्न्स इन रिपीट' (२०२४) मध्ये तान्ह्या मुलीच्या सहवासातील घर आले, सवड संपली. त्या दृष्टीने पाहिले तर 'सेंपर फेमिना' हा एका प्रवासातला टप्पा आहे. मूळ वाक्यातील 'पालटणारे' हे विशेषण तिने शीर्षकातून काढले, पण कारकीर्दीत खरे केले. फरक असा की, आता ते दूषण राहिले नाही. जिवंत माणूस बदलतो. न बदलणे हा पुतळ्यांचा धर्म.

डिडोकडे परत येऊ. सहाव्या सर्गात, मृतांच्या प्रदेशात, ईनियसला ती पुन्हा भेटते. तो रडतो, समजावतो, थांब म्हणतो. ती एक शब्दही बोलत नाही. जमिनीवर नजर खिळवून उभी राहते आणि मग सिकियसपाशी निघून जाते. जिला चंचल म्हटले होते, तिच्याइतके स्थिर त्या महाकाव्यात त्या क्षणी कोणीच नाही. व्हर्जिलला हे ठाऊक होते असे आम्हांस वाटते. स्वप्नातील देवाचे वाक्य कवीचे वाक्य समजून आपण इतकी शतके उद्धृत करत राहिलो, ही आपली चूक. मार्लिंगने ते वाक्य अर्धे तोडून परत ठेवले आहे. उरलेला अर्धा भाग कोणी, कोणाला आणि कोणाच्या पश्चात सांगितला होता, हे पुन्हा वाचून पाहणे आपल्याकडे लागते.