एका गेमच्या माथी मारलेले खापर

१९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा का कोसळला? उत्तर ठरलेले असते: 'ई.टी.' नावाच्या एका भिकार गेममुळे. माझ्या मते हा निवाडा अन्यायाचा आहे, आणि कालक्रमही त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. (१/७)

आधी वस्तुस्थिती. स्पीलबर्गच्या चित्रपटाचे हक्क अटारीने १९८२ च्या उन्हाळ्यात मोठ्या किमतीला घेतले. नाताळची विक्री साधायची म्हणून प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना मिळाले अवघे पाच आठवडे. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. गेम फसला, हे खरेच. (२/७)

पण ७ डिसेंबर १९८२ रोजीच अटारीची विक्रीवाढ अपेक्षित ५० टक्क्यांऐवजी १० ते १५ टक्केच राहील, असे जाहीर झाले. मालक कंपनी वॉर्नरचा शेअर दुसऱ्या दिवशी सुमारे एक-तृतीयांशाने घसरला. तेव्हा 'ई.टी.' दुकानांत जेमतेम पोचला होता. दुखणे जुने होते. (३/७)

१९७९ मध्ये अटारीचे चार प्रोग्रामर बाहेर पडले. खोक्यावर नाव नाही, नफ्यात वाटा नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन उभी केली. तिचे यश पाहून अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि दुकाने सुमार गेमनी भरून गेली. (४/७)

त्यातच घरगुती संगणक स्वस्त झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरना आलेला कमोडोर ६४ वर्षभरात सुमारे २०० डॉलरवर उतरला. गेमही खेळता येतील आणि मुले प्रोग्रामिंगही शिकतील, असे यंत्र समोर असताना पालकांनी नुसता गेमचा डबा का घ्यावा? ब्रिटनमध्ये तर झेडएक्स स्पेक्ट्रमवर कॅसेटच्या गेमना याच काळात बहर आला होता. (५/७)

न विकलेला माल अटारीने सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरला. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा 'ई.टी.'बरोबर 'सेंटिपीड' आणि 'मिसाइल कमांड'सारखे गाजलेले गेमही निघाले. (६/७)

पाच आठवड्यांची मुदत वॉर्शॉ यांनी ठरवली नव्हती. बाजारात मालाचा पूरही त्यांनी आणला नव्हता. ज्या कंपनीने एके काळी यशाच्या खोक्यावर प्रोग्रामरचे नाव छापले नाही, तिच्या अपयशावर मात्र आपण आजही एकाच प्रोग्रामरचे नाव छापतो. (७/७)