पडवीतील पेट्रोलची वाफ : घिवलीकरांस जाहीर आवाहन



पावसाने जोर धरल्यापासून गावातील एका दाटीच्या आळीत जे घडत होते, त्यामुळे हे आवाहन लिहिणे आम्हांस भाग पडले आहे. दोन घरांच्या सामाईक पडवीत उभ्या केलेल्या जुन्या मोटारसायकलीतून पेट्रोल थेंबाथेंबाने गळत होते, त्याची वाफ दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरत होती, त्या खोलीत बाळंतीण आपल्या तान्ह्या मुलासह निजत होती. आणि त्या घरच्या वृद्ध आजीने हात जोडून "बाबा, गाडी जरा उघड्यावर लाव" अशी विनवणी केली असता "वास सोसत नसेल तर दार लावून घ्या" एवढेच उत्तर त्या माउलीच्या पदरी पडले. उत्तर देणाऱ्या इसमाचे नाव आम्ही जाणूनबुजून देत नाही. ते उत्तर ओट्याओट्यांवरून ऐकले गेले, आणि तरीही एकाही ओट्यावरून कोणी उठला नाही, याचा आम्हांस अधिक संताप आहे.

आपण घिवलीकर प्रदूषण या विषयात अनभिज्ञ आहोत, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले तेव्हापासून आपल्या पिढ्या त्याच्या शेजारात वाढल्या, आणि आणीबाणीच्या प्रसंगी काय करावे याचे सराव या परिसरात होत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्रास ९३.६९ गुण देऊन देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अग्रस्थानी बसविले, तेव्हा तो आकडा आपण प्रत्येक सभेत उच्चारला. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी व समुद्र नासतो म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा किनाऱ्यावरील गावोगावच्या मच्छिमारांची मान उंचावली. ज्या समाजाने परक्याच्या धुराविरुद्ध इतका दीर्घ लढा चालविला, त्याच समाजाने आपल्या पडवीतील विषाकडे पाठ फिरवावी, आणि ते विष शेजारच्या तान्ह्या मुलाच्या श्वासात जात असता मौन धरावे, याहून लाजिरवाणी विसंगती आम्हांस दिसत नाही. कारखान्यापुढे आपण अर्जदार असतो. येथे मात्र तोटी फिरविणारा हात आपलाच आहे.

पेट्रोल म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि ही वाफ सुटण्यास उष्णतेची मुळीच वाट पाहावी लागत नाही, कारण उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमाराच्या थंडीतही ज्वाला पकडण्याइतकी वाफ पेट्रोलावर जमते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती छताकडे न जाता, उताराने वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे, जमिनीलगत सरकत उंबरठा ओलांडते आणि घरातील सर्वांत सखल जागी जाऊन साचते. हवेत या वाफेचे प्रमाण अवघे १.४ टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. ढोबळ हिशेब असा की, पेलाभर म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल पूर्णपणे उडाले, तर त्याची सुमारे १८ लिटर वाफ होते, आणि ती वाफ सुमारे १३०० लिटर हवा ज्वालाग्राही करून सोडू शकते. आता आपल्या घरांत जमिनीलगत काय काय असते ते पाहा : देवापुढील समई, डास पळविण्याची उदबत्ती, बैठी शेगडी, फ्रिज, इन्व्हर्टर, आणि जमिनीवर अंथरूण घालून निजलेली मुले.

यात भर पडते ती आपल्या मोसमाची. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि नायलॉनची जाळी, दोर, थर्माकोलचे बोये, इंजिनाच्या तेलाचे कॅन असा सारा सरंजाम पडव्यांत येऊन पडतो. त्याच सुमारास पावसाच्या भयाने मोटारसायकलीही आत येतात. अर्थात ज्या दोन महिन्यांत दारे-खिडक्या सर्वाधिक बंद असतात, त्याच दोन महिन्यांत झटकन पेटणारे जाळे आणि झटकन पेटविणारी वाफ एका छपराखाली एकमेकांशेजारी नांदत असतात. नाखवा मंडळींनी या वाक्याचा विचार करावा. एका जाळ्यामागे किती मोसमांची कमाई असते, हे आम्ही त्यांना सांगण्याची गरज नाही.

आग लागली नाही म्हणून अपाय झाला नाही, असेही समजू नये. पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचा पदार्थ असतो. आपल्या देशातील मानकाने त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या मर्यादेत ठेवले आहे, ते उगीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झीनची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली असून रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. डोके जड होणे, घेरी, मळमळ, डोळ्यांची आग ही तत्काळची लक्षणे होत. ज्या घरात सकाळी उठल्याबरोबर सर्वांचीच डोकी ठणकतात, त्या घराने आधी पडवीतील गाडीकडे पाहावे.

गाडीतून वास का येतो, याची कारणे बोईसरचा कोणताही जाणता मेकॅनिक बोटावर मोजून दाखवील. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक उघडाच राहतो. फ्लोटच्या सुईत कचरा अडकतो आणि कार्बोरेटर ओसंडून नळीवाटे पेट्रोल खाली ठिबकते. रबरी नळी तडकते. टाकीच्या झाकणाचे वायसर झिजते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यासाठी न बनविलेले जुने रबर त्याने लवकर खराब होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत टाकीतील वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा बसविलेला असतो. परंतु काटोकाट पेट्रोल भरले की तोच डबा भिजून निकामी होतो, आणि कित्येक जण तर त्याची नळीच काढून टाकतात. १२ लिटरची टाकी तोंडापर्यंत भरून गाडी उन्हात लावली आणि पेट्रोल १५ अंशांनी तापले, तर ते फुगून सुमारे १७० मिलिलिटर पेट्रोल जागा शोधू लागते. पेलाभराचा हिशेब वर दिलाच आहे.

आता हरकती. "आम्हांला तर वास येत नाही," असे मालक शपथेवर सांगतो. त्यास कळत नाही की रोजच्या सहवासाने नाक बधिर होते, म्हणून वासाचा निवाडा मालकाने करावयाचा नसून बाहेरून आलेल्या पाहुण्याने करावयाचा असतो. "खाऱ्या हवेने गाडी गंजते," हे खरे. परंतु ताडपत्रीने झाकलेली गाडी उघड्यावर राहू शकते, आणि गंजलेला मडगार्ड बदलता येतो. "चोरी होईल," म्हणणाऱ्याने साखळी व कुलूप आणावे. "रिक्षा सीएनजीची आहे," या म्हणण्यातही अर्थ नाही, कारण अशा कित्येक रिक्षांत पेट्रोलची लहान टाकी असतेच, आणि सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने तो बंद छपराखाली वर साचतो. "आजवर काही झाले नाही," या हरकतीस आम्ही उत्तर देऊ इच्छित नाही.

एक अडचण मात्र आम्ही मनापासून मान्य करतो. आपल्या दिव्यांग बांधवांच्या तीनचाकी स्कूटरी दारापासून दूर लावण्यास सांगणे हा अन्याय होईल. त्यांच्यासाठी दाराच्या सर्वांत जवळची उघडी, वाऱ्याची जागा आळीने आधी मोकळी करून द्यावी, आणि गाडी ढकलण्यास शेजारच्या तरुणाने न बोलावता यावे. ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे.

कायद्याचेही एक कलम ध्यानात असू द्यावे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमान्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून फार तर ३० लिटरपर्यंत बाळगता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या भांड्यात : काच वा चिनी मातीचे भांडे असेल तर १ लिटरपर्यंतचे, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिक बाटलीचा त्यात उल्लेख नाही. अशा बाटल्यांतून घरबसल्या पेट्रोल विकणे तर उघड उघड बेकायदा आहे, आणि हा व्यवहार कोठे चालतो हे गावास ठाऊक नाही असे भासविण्याचे सोंग आता पुरे झाले.

सबब, प्रत्येक घराने पुढील गोष्टी विनाविलंब कराव्यात :

१. आज रात्रीपासून कोणतेही पेट्रोलचे वाहन निजण्याच्या खोलीत, स्वयंपाकघरालगत, बंद पडवीत अथवा जिन्याखाली ठेवू नये. जागाच नसेल तर शेजाऱ्यांशी बोलून आळीच्या तोंडाशी लावावे.

२. गाडी लावताच पेट्रोल कॉक बंद करावा. जुनी गाडी तिरक्या स्टँडवर न ठेवता मेन स्टँडवर उभी करावी. इंजिन गार झाल्यावाचून ताडपत्री घालू नये.

३. टाकी काटोकाट भरू नये. पंपावरील नळी आपोआप थांबली की तेथेच पुरे.

४. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग दिसला तर गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावी. नळी, झाकणाचे वायसर व फ्लोटची सुई तपासून घ्यावी. पुठ्ठा उघड्यावर वाळू द्यावा, चुलीत घालू नये.

५. जाळी, दोर, थर्माकोल आणि वाहन एका छपराखाली ठेवू नयेत. ही सूचना प्रथम नाखव्यांनी अमलात आणावी.

६. घरात वास आल्यास दिव्याचे बटण लावू नये व बंदही करू नये. समोरासमोरची दारे उघडावीत, मुले व वृद्ध यांना बाहेर काढावे, गाडी सुरू न करता ढकलत न्यावी, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकावी. ती वाळू गटारात वा विहिरीजवळ फेकू नये.

७. पेट्रोल पेटल्यास त्यावर पाणी मुळीच ओतू नये, त्याने पेटते पेट्रोल पसरते. कोरडी वाळू अथवा भुकटीचे अग्निशामक वापरावे. १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे पाणी वाहू द्यावे, दंतमंजन वा तेल लावू नये, आणि १०८ ला बोलवावे.

८. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे कायमचे बंद करावे. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात जाते. तडक दवाखान्यात न्यावे.

९. येत्या ग्रामसभेत वाहने लावण्यासाठी उघडी, दिव्याची जागा निश्चित करण्याचा ठराव मांडला जाईल. त्याची दरखास्त आम्ही तयार केली आहे. प्रत्येक घरातून किमान एका व्यक्तीने, विशेषतः भगिनींनी, हजर राहावे. कारण वाहने पुरुषांची असली तरी त्या घरात दिवसभर श्वास घेण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात.

आमच्या मंडळाकडे ना निधी आहे, ना अधिकार. तथापि वादळाची खबर येताच किनाऱ्यावर धावणारे, कोणाची होडी उलटली असता दोर घेऊन पाण्यात शिरणारे आणि विसर्जनानंतर किनारा झाडून काढणारे तरुण याच मंडळाचे आहेत, हे गाव जाणते, आणि त्याचा आम्हांस यथार्थ अभिमान आहे. येत्या रविवारपासून हे कार्यकर्ते आळीआळीने फिरतील, कोरड्या वाळूने भरलेली बादली प्रत्येक आळीच्या तोंडाशी ठेवतील, आणि ज्याची गाडी गळत असेल त्यास मेकॅनिककडे नेण्यास हातभार लावतील. ज्याच्याकडे दुरुस्तीचे पैसे नसतील त्याने संकोच न करता सांगावे. आपसांत वर्गणी काढून ती दुरुस्ती केली जाईल. ज्याच्याकडे पैसे असूनही इच्छा नसेल, त्याच्या दाराशी मात्र आम्ही पुन्हा पुन्हा येऊ, आणि या वेळी ती वृद्ध आजी एकटी उभी नसेल, तिच्या पाठीशी सारी आळी असेल, एवढी ताकीद येथेच देऊन ठेवतो.

घिवलीकरहो, कारखान्यांकडून आपण जी जबाबदारी मागतो ती मागण्याचा नैतिक अधिकार टिकवावयाचा असेल, तर तीच जबाबदारी आधी आपल्या उंबरठ्यावर पाळली पाहिजे. गाडी तुमच्या मालकीची आहे, तिची वाफ मात्र शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि तेवढ्यापुरता शेजाऱ्याचा तुमच्यावर हक्क आहे. तो हक्क मान्य करावा, ग्रामसभेस यावे, आणि आज रात्री निजण्यापूर्वी गाडी बाहेर काढावी.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, घिवली