आधी हात लावा

१ मार्च हा दिवस स्वतःला इजा करून घेणाऱ्यांविषयी समज वाढावी म्हणून जगात पाळला जातो. इंदुरात तो कुणाच्या गावीही नसतो. बोर्डाच्या परीक्षा चाललेल्या असतात, रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, बेत शिजू लागतात, आणि आर्थिक वर्ष सरत आल्याने सियागंजाच्या घाऊक बाजारातल्या पेढ्यांवर वसुलीची घाई असते. अशाच दिवसांत घरातलं एखादं पोर दार लावून स्वतःला दुखवत असतं. कळल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं : “तुला आम्ही कमी काय केलं?” प्रश्नचिन्ह लावलं तरी ही फिर्यादच.

दुसरं वाक्य त्याहून वाईट : “नाटकं आहेत सगळी.” नाटकाला प्रेक्षक लागतात, ही मुलं तर खुणा लपवत असतात. मनातली असह्य घालमेल काही क्षण तरी थांबावी, एवढाच बहुतेकांचा हेतू असतो. मरायचंच असतं असं नाही. पण म्हणून सोडून देण्यासारखीही ही गोष्ट नव्हे, कारण ज्याने एकदा स्वतःला इजा केली त्याला पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा डॉक्टर हवाच. पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने अजूनही लोक दवाखाना टाळतात. पण आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ हे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. त्याआधीच २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

पण डॉक्टर भेटणार महिन्यातून एकदा-दोनदा. मधल्या रात्रींचं काय?

सियागंजात हम्मालाचं काम थोडं थांबून पाहावं. मिरचीचं वा साखरेचं पोतं तो एकटा वाहून नेतो, पण पाठीवर घेताना दुसऱ्याला हाक मारतोच. दुसरा हात लावतो आणि आपल्या कामाला लागतो. पोतं कुठून आणलं, इतकं जड का घेतलंस, असं विचारत बसत नाही, कारण त्याच्याही पाठीला तेच वजन ठाऊक असतं. जो स्वतःला इजा करण्याच्या त्रासातून गेला आहे आणि सावरला आहे, त्याच्या सोबतीचं मोल हे आहे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही उपचारपद्धती घडवली. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः याच त्रासासाठी मनोरुग्णालयात होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते मात्र २०११मध्ये. त्यांच्या पद्धतीत ‘मन घट्ट कर’ असा उपदेश नाही. कौशल्यं शिकवली जातात, आणि तीही गटात. इजा करण्याची ऊर्मी चढते तशी उतरतेही, म्हणून पहिलं काम वेळ काढण्याचं : तोंडावर गार पाणी मारणं, श्वास सावकाश सोडणं, खोलीतून उठून माणसांत येऊन बसणं. जवळ असलेल्या ज्या वस्तूचा धोका वाटतो ती घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात देणं. कुणाला फोन करायचा ती नावं बरं वाटत असतानाच कागदावर लिहून ठेवणं, कारण ऐन वेळी सुचत नाही. दिसायला किरकोळ गोष्टी आहेत. रात्री दोन वाजता याच उपयोगी पडतात.

आपल्याकडे अशा सोबतीची परंपराच नाही, असं नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढच्यांना हात देत आली आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत २०१३पासून ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच साध्या बायका-पुरुषांना ऐकून घ्यायला शिकवलं. मग शहरातली भिशी, भजनी मंडळं, महिला मंडळं सांभाळणाऱ्या आपल्या इंदुरी मराठी समाजाला असा सोबतीचा गट चालवणं का जमू नये?

जमेल, पण नुसत्या सदिच्छेवर नाही. अशा गटात जखमा दाखवायच्या नाहीत, इजेच्या पद्धतींविषयी बोलायचं नाही, कुणाचं दुःख मोठं याची चढाओढ लावायची नाही. बोललेलं बाहेर जायचं नाही. मात्र जिवाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवून तज्ज्ञाला कळवायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं. अठराखालच्या मुलांचा गट वेगळा आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. सोबत करणाऱ्यालाही थकण्याचा, ‘आज मला जमणार नाही’ म्हणण्याचा हक्क हवा. हे नियम नसतील तर गट न काढलेला बरा.

एम. वाय. हॉस्पिटलसारखं मोठं सरकारी रुग्णालय शहरात आहे. मार्गदर्शनासाठी तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना गाठता येईल. सियागंजातल्या व्यापाऱ्यांना विनंती एवढीच, की दुकानं वाढवल्यावर एखाद्या पेढीवरची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटाला द्यावी. दुकानात राबणारी, गाव सोडून आलेली पोरंही तिथे येऊ शकतील. आणि ज्यांना आज रात्रीच कुणाशी बोलायची गरज आहे त्यांनी थांबू नये : ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.