मनगटावरचा एक थेंब

मैत्रिणींनो, हळदीकुंकवात हातावर लावतात ते मोगऱ्याचं अत्तर कधी नीट हुंगून पाहिलंय? जुन्या पद्धतीत कनौजला फुलं तांब्याच्या डेगीत उकळतात आणि त्यांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात. म्हणून आधी मोगरा दरवळतो, चंदन मागे रेंगाळतं. (चंदन महागलं, तेव्हा फार स्वस्त बाटलीत चंदन असेलच असं नाही!)

आंघोळीनंतर मनगटावर, कानामागे एकेक थेंब पुरतो. चोळू नये. रेशमी साडीवर तर नकोच, डाग पडतो. त्वचा नाजूक असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं.

पण हा थेंब विधवा बाईच्या हातापर्यंत सहसा पोहोचतच नाही, हे मला फार खुपतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या ओसरीवरच्या हळदीकुंकवाला तर ठरावही लागत नाही. येत्या चैत्रात शेजारच्या वहिनींना आवर्जून बोलवा. मात्र आधी त्यांच्या घरी जाऊन विचारा. चारचौघींत एकदम हात पुढे करायला सांगितलं, तर बिचाऱ्या संकोचून जातील.