‘एकच ओळ टाकायचीय’ या कामाचं कोटेशन फोनवर देऊ नका

आयबीएम आय, म्हणजे जुन्या लोकांचं एएस/४००. ही मशीन १९८८ साली आली आणि तिच्यावरचे आरपीजी प्रोग्राम आजही बिलिंग, स्टॉक सांभाळतायत. त्यांच्या देखभालीची छोटी कामं घेऊन धंदा सुरू करायचा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: ‘एकच ओळ टाकायचीय’ असं ऐकून लगेच स्वस्तात कोटेशन देऊ नका.

कारण सांगतो. उधारीच्या वहीत आपण बोट ठेवून एकेक ओळ वाचतो ना, तसंच प्रोग्रामचंही प्रत्येक उघड्या फाईलमध्ये एक बोट असतं. सेट-एलएल ते बोट हव्या त्या कीवर नेऊन ठेवतो आणि रीड-ई त्याच कीचं पुढचं रेकॉर्ड आणतो. चेन रेकॉर्ड शोधून आणतो, पण बोटही तिथेच नेतो.

समजा, पार्टी नंबर २०५ ची १ ते ६ बिलं आहेत. रीड-ईचा लूप बाकीची बेरीज करतोय. ग्राहक म्हणतो, “बिल २ च्या जागी बिल ५ काढलंय, तेवढं तपासा.” तुम्ही लूपमध्ये त्याच फाईलवर चेन टाकता. बोट ५ वर जातं आणि पुढचा रीड-ई थेट ६ आणतो. ३ आणि ४ गायब! ३ नंबरचे १२,००० आणि ४ नंबरचे ८,००० असतील, तर २०,००० रुपयांची येणी रिपोर्टमध्ये दिसणारच नाहीत. एरर नाही, काही नाही. उलट ५ वरून २ वर चेन केलं, तर लूप ३, ४, ५ असा फिरतच राहतो. शिवाय चालू बिलाच्या फील्डमध्ये दुसऱ्या बिलाचे आकडे येऊन बसतात, ते वेगळंच.

“मी फक्त रेकॉर्ड आहे का ते बघतोय” म्हणून सेट-एलएल वापरला, तरी बोट हलतंच. चेनला रेकॉर्ड सापडलं नाही, तर पुढे वाचण्याआधी बोट पुन्हा जागेवर ठेवावं लागतं.

उपाय अवघड नाही. शोधण्यासाठी तीच फाईल वेगळ्या नावाने, फक्त वाचण्यापुरती घोषित करा आणि रेकॉर्ड वेगळ्या डेटा स्ट्रक्चरमध्ये घ्या. ओव्हरराईडमध्ये शेअर ओपन नाही ना, तेही बघा, नाहीतर दोन्ही नावांना बोट एकच!

काही जण म्हणतील, सरळ एसक्यूएलमध्ये लिहा. नवीन प्रोग्रामसाठी मलाही पटतं. पण छोट्या दुरुस्तीसाठी कोण अख्खा प्रोग्राम बदलायला पैसे देतो?

म्हणून आधी सोर्स मागा. ती फाईल कुठे कुठे वाचली जाते ते शोधा. बदलाआधीची आणि नंतरची बेरीज जुळवून ग्राहकाला दाखवा. या तिन्हींचा वेळ कोटेशनमध्ये धरा. ओळ टाकायला पाच मिनिटं लागतात; ती कुठे टाकायची हे कळण्याचेच तर पैसे असतात.